सह्याद्रीतल्या गावांना फोर-बाय-फोरच्या वाटा पोसतील का?

(चर्चा. प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

डिफलॉक

मुळशी, भोर, राजगड (जुना वेल्हे) या तालुक्यांत शनिवार-रविवारी थार, जिम्नी, गुरखा अशा फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांची रांग लागते. इंधन शहरातून, तंबू डिकीत, जेवण डब्यात. गाड्या रविवारी संध्याकाळी परत जातात आणि गावात मागे राहतात फक्त चाकोऱ्या. येणारे थांबणार नाहीत. मग वाट आखून, पास लावून त्यांचा पैसा गावात का राहू नये?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात कोळशावरचा रोजगार घटत गेला. 1996 साली तिथल्या विधिमंडळाने कायदा करून हॅटफिल्ड-मकॉय या एटीव्हीच्या (रानात चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्यांच्या) वाटांसाठी प्राधिकरण नेमलं आणि 2000 साली पहिल्या वाटा खुल्या झाल्या. आज त्या 1,600 किमीच्या वर आहेत. जमीन बहुतेक कोळसा, लाकूड आणि जमीन कंपन्यांची. वाटेवर अपघात झाला तर मालकावर दावा येऊ नये अशी तरतूद कायद्यात केली, म्हणून त्यांनी ती वापरायला दिली. आसपासच्या कित्येक छोट्या गावांत एटीव्ही रस्त्यावर चालवायला परवानगी आहे. त्यामुळे माणूस वाटेवरून उतरून थेट पंपावर, खाणावळीत, खोलीवर जातो. पैसा गावात राहतो तो या शेवटच्या सोयीमुळे.

आपल्याकडचा हिशोब धरून चालू. 20 गाड्या, 60 माणसं. एक मुक्काम आणि जेवणखाण माणशी 1,000 म्हणजे 60,000. पास गाडीमागे 500, म्हणजे 10,000. पाच गाड्यांमागे एक वाटाड्या, प्रत्येकी 1,000, म्हणजे 4,000. एका शनिवार-रविवारचे 74,000. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण 17 शनिवार-रविवार, निम्मी गर्दी धरली तरी सव्वासहा लाख.

कातळसडा

सहमत नाही. तुमच्या हिशोबातच घोळ आहे. गाड्या सर्वांत जास्त येतात जून ते सप्टेंबर, कारण त्यांना चिखल हवा असतो. तुम्ही हिशोब धरलात हिवाळ्याचा. चिखलात गाडी घालण्याची हौस आणि जमिनीचं सर्वांत मोठं नुकसान एकाच चार महिन्यांत येतं. पावसाळ्यात वाट बंद ठेवली तर यातले किती जण हिवाळ्यात येतील?

आणि जागा कुठली? कोळसा काढून झालेले डोंगर आणि सह्याद्रीचे सडे (कातळाची सपाट पठारं) यांची तुलना होऊच शकत नाही. सड्यावर कातळाच्या खळग्यांत जेमतेम बोटभर माती असते. सीतेची आसवं, गेंद, रानहळद त्यावरच उगवतात. ओल्या मातीवरून एक जड गाडी गेली की चाकाखाली ती दाबली जाते, पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि माती खाली ओढ्यात जाते. त्या जागी पुन्हा माती साठायला पिढ्या लागतात.

राखीव वनातून व्यावसायिक वाट काढायची तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. अभयारण्य असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने प्रवेशच परवानगीवर. वन वगळलं तर उरते खासगी जमीन आणि गायरान. गायरान शासनाचं, ग्रामपंचायत ते परस्पर भाड्याने देऊ शकत नाही.

भातखाचर

खासगी जमिनीबद्दल थोडं. तिकडे मोजक्या कंपन्यांशी करार केला की झालं. इथे 12 किमीची वाट शेकडो गटांतून जाईल आणि एकेका सातबारावर पंधरा-वीस सामाईक खातेदार, त्यातले निम्मे मुंबईला. एकाने मधला तुकडा नाकारला की वाट तुटली. वर रस्त्याकडेचे तुकडे आधीच शहरातल्या लोकांनी घेतलेत. मुक्कामाचे 60,000 म्हणता, पण संडास-बाथरूम असलेली खोली गावात कोणाकडे आहे? बहुतेक त्या फार्महाऊसवाल्यांकडेच. 74,000 मधले 60,000 तिथेच गेले तर याला गावाचं उत्पन्न म्हणायचं का?

जून-जुलैत लावणी सुरू असते. गाडी चुकून खाचरात उतरली तर बांध फुटतो, पाणी निघून जातं, आवण (लावलेली भाताची रोपं) पडतं. पुन्हा बांध घालायला दोन माणसांचा दिवस जातो, तोही ऐन लावणीत, जेव्हा माणूस मिळत नाही. हे नुकसान आज कोणीच भरून देत नाही.

डिफलॉक

पावसाळ्यात बंद, यावर मी ठाम आहे. कातळसडा, तुमचा गर्दीचा मुद्दा खरा आहे, पण चिखलाची हौस एका ठिकाणी बांधून घालता येते. बंद पडलेल्या दगडखाणी, पडीक मालकी जमिनी भरपूर आहेत. तिथे कुंपण घालून दोन-तीन एकरांत चढ, खड्डे, चिखलाचा पट्टा करता येतो. वेस्ट व्हर्जिनियाशी खरी तुलना तिथेच जुळते, कारण ती जमीन आधीच खोदून झालेली आहे.

वाट मात्र कोरडीच हवी, आणि नीट बांधलेली. आजच्या बहुतेक वाटा सरळ उतारावर चढतात, म्हणून त्यांचा ओहोळ होतो. वाट उताराला आडवी काढावी, चढ शक्यतो 10 टक्क्यांच्या आत. वाटेला दरीकडे 4-5 टक्के कल द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवं निघून जातं. दर 25-30 मीटरला वाटेला आडवा, उथळ, लांबट खोलगट पट्टा काढावा, तो साठलेलं पाणी बाहेर टाकतो. ओढा काटकोनातच ओलांडावा, तळाला आणि दोन्ही काठांना दगडांची फरसबंदी करावी. हे नाही केलं की चाकोरी खोल होते, पुढचा चालक ती टाळून बाजूने जातो, आणि तीन मीटरची वाट दोन वर्षांत दहा मीटर होते.

कातळसडा

बांधकाम बरोबर आहे. आता त्याचा खर्च तुमच्याच आकड्यांत बसवा. पासाचे 10,000, निम्मी गर्दी, 17 आठवडे: वर्षाला 85,000. जेसीबीचा तास 1,300 च्या आसपास धरला तर आठ तासांच्या दिवसाला 10,400. म्हणजे वर्षभराचा पास आठ दिवसांच्या जेसीबीत संपला. फरसबंदी, मजूर, कचरा, बचाव, यांचं काय? देखभाल परवडत नाही तेव्हा वाट बिघडते, बिघडली की गाड्या रान तुडवतात.

दूधसागरवाट

या चर्चेत कुळ्याचं नाव यायला हवं होतं. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला जीप जातात, त्या स्थानिकांच्या. गाडी नंबराप्रमाणे लागते, एका जीपमध्ये सात जण, लाईफ जॅकेट घेतल्याशिवाय सोडत नाहीत, पावसाळ्यात वाट बंद. ही वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि वाटेत नदीचे प्रवाह ओलांडावे लागतात. गोव्यात खाणकाम 2012 साली थांबलं, सुरू झालं आणि 2018 ला पुन्हा थांबलं. अशा भागात शेकडो घरांना एका जीपचा आधार ही छोटी गोष्ट नाही.

इथे पर्यटकाची गाडी आत जात नाही, गावची जाते. डिफलॉक, तुमच्या योजनेत गाडी पुण्याची, चालक पुण्याचा, गावाकडे फक्त जेवण. कुळ्यात भाडंच गावाला मिळतं. म्हणूनच 2024 मध्ये ऑनलाइन बुकिंग कोणाच्या हातात असावं यावरून जीपवाले आणि पर्यटन महामंडळ यांच्यात एवढं पेटलं. रांगेची नोंद ज्याच्याकडे, उत्पन्न त्याच्या हातात.

कातळसडा

कुळ्याला लोक धबधब्यासाठी येतात, गाडी ही फक्त वाहतूक. धबधबा काढून घ्या, उरेल काय? शिवाय अभयारण्यात रोज शेकडो फेऱ्या, धूर, हॉर्न, पाण्यात तेल. हे मॉडेल सरसकट उचलू नका. कासला पाहा: 2012 पासून जागतिक वारसा, दिवसाला 3,000 लोकांची मर्यादा, प्रवेश शुल्क गोळा करण्यात स्थानिक समिती. गाडी पार्किंगलाच थांबते, माणूस पायी जातो. गावाला पैसा मिळतो आणि सडाही वाचतो.

पिवळीपाटी

गावाच्या जीप हा मुद्दा मला पटतो, पण तो कागदोपत्री पक्का करा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेली तर परवान्याचा भंग होतोच, आणि अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळी पाटी, प्रवासी विमा, चालकाचा परवाना हे आधी. पाण्यात इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही, इंजिनचं वेगळं कवच घ्यावं लागतं.

यंत्राची देखभालही गावातच शिकवावी लागेल. प्रवाह ओलांडल्यावर डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) आणि गिअरबॉक्सचं तेल बघा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग जातं. ब्रीदर पाइप (या पेट्यांची हवा सोडणारी नळी) वर बॉनेटपर्यंत न्या. टायरची हवा 30 वरून 18-20 पीएसआयला आणली की टायर जमीन कमी उकरतो, पण डांबरावर जायच्या आधी पुन्हा भरायला कंप्रेसर हवा. अडकलेली गाडी मागच्या टो-बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) पट्टा लावून कधीही ओढू नका. गोळा तुटून गोळीसारखा उडतो, यात माणसं मेली आहेत. खोडाला विंचची (गाडी ओढायच्या चरखीची) वायर थेट बांधली की साल सोलली जाते आणि झाड वाळतं, 75 मिमी रुंद पट्टा वापरा. अशा गोष्टी येणारा एखादा मिस्त्री तालुक्यात तयार झाला तर तो वर्षभराचा रोजगार आहे, सीझन कसाही जावो.

डिफलॉक

दूधसागरवाट यांचा मुद्दा स्वीकारतो. बाहेरची गाडी दगडखाणीच्या मैदानात, डोंगरातली वाट फक्त गावच्या पिवळ्या पाटीच्या जीपला. पास गाडीमागे 500 नव्हे, 1,500. निम्म्या गर्दीत वर्षाला दोन लाख पंचावन्न हजार, तेवढ्यात देखभाल आणि वाटेचा एक कायमचा रखवालदार बसतो.

भातखाचर

मग ठरावात दोन गोष्टी लिहून घ्या. पासाचे पैसे ग्रामसभेने नेमलेल्या समितीच्या खात्यात, सह्या तीन, त्यातली एक बाईची. आणि मैदानात येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून 5,000 अनामत, बांध फुटला तर तिथल्या तिथे त्यातून शेतकऱ्याला. कुठलं गाव घ्यायचं ते आधी वाटेवरचे सातबारे मांडून ठरवू.