पहाटे शेततळ्यातले मासे वर येऊन तोंड वासतात, औषध कोणतं टाकू?

माणदेशी_डाळिंब (सांगोला):
राम राम मंडळी. ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. कटला, रोहू, मृगळ सोडलेत, अर्ध्या-पाऊण किलोचे झालेत. चार दिवस आभाळ भरलेलं आहे आणि पहाटे बघावं तर सगळे मासे वर, तोंड वासून. खडा टाकला की खाली जातात, लगेच पुन्हा वर. ऊन चढलं की ठीक. पाणी गर्द हिरवं झालंय. शेजारी म्हणतात रोग आहे, चुना मार. जीव नुसता टांगणीला लागलाय.

तळंराखण:
दादा, रोग नाही, मासे गुदमरतायत. रोग असता तर ऊन चढल्यावर असे ठीक झाले नसते. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, रात्री माशांबरोबर तेही ऑक्सिजन ओढतं. म्हणून दिवस उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, आणि आभाळ असलं की दिवसाची कमाईच तुटपुंजी. लिटरला ५ मिलिग्रॅम तरी हवा. ३ च्या खाली गेला की मासे धोक्यात, त्यातही मोठे आधी दगावतात.

आज रात्रीच मोटर लावा. तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडा, धार जितकी फुटेल तितकं बरं. आभाळ निवळेपर्यंत खाद्य आणि शेण बंद. चार दिवस उपाशी राहून मासा मरत नाही, पण न खाल्लेली पेंड तळाशी कुजून ऑक्सिजन खाते. चुना आत्ता अजिबात नको. अशा पाण्याचा सामू (pH) दुपारी ९ च्या वर जातो, चुन्याने आणखी चढेल आणि अमोनिया जास्त विषारी होईल.

एरवी दुपारी हात पाण्यात घालून बघत जा. कोपर बुडायच्या आत बोटं दिसेनाशी झाली तर शेवाळ वाढलंय. कागदाच्या तळ्यात घाण जिरायला माती नसते, म्हणून तळाचं पाणी अधूनमधून काढून पिकाला द्या.

नीराकाठ:
शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणून कुणी सांगेल, टाकू नका. शेवाळ एकदम मरून कुजलं की उरलासुरला ऑक्सिजनही जाईल. बोअरचं पाणी घेणार असाल तर तेही उंचावरूनच पाडा, त्यात ऑक्सिजन बहुधा नावालाच असतो.

माणदेशी_डाळिंब:
या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीचीच आहे, मोटर लावतो. तळाचं पाणी ठिबकने डाळिंबाला चालेल?

तळंराखण:
ठिबकने नको, ड्रिपर चोक होतील. पाटाने मोकळं सोडा. पण एकदम फार उपसू नका, तेवढंच ताजं पाणी वरून पाडत राहा.