गाणं देवाचं, मग लिहिणाऱ्याचं नाव का पुसता?

सूरसाधक (धागाकर्ता)

काल आपल्या गटात एकाने लिहिलं की उपासनेची गाणी देवासाठी असतात, त्यांवर कवीचं नाव टाकणं म्हणजे स्वतःचा गौरव शोधणं, आणि नाताळ जवळ आला की जो तो गाणं ऑनलाइन टाकून लाइक्स मोजत बसतो. खाली रांगेने 'आमेन'. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोळा वर्षं चर्चच्या मंडळीसाठी गाणी करतोय. एक रुपया मागितलेला नाही. 2015 च्या नाताळाचं गाणं मी स्वयंपाकघरात बसून केलं. आई करंज्या भरत होती, मी तिच्यासमोर पेटी घेऊन. 'गव्हाणीत' हा शब्द चालीत बसेना. 'गव्' वर सूर लांबला की 'हाणीत' सुटं पडायचं आणि कोणी कोणाला हाणतंय असं वाटायचं. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी आईच म्हणाली, "अरे, तो शब्द ओळीच्या टोकाला कशाला नेतोस? आधी घे आणि पटकन जाऊ दे." तसं केलं आणि ओळ बसली.

मोबाइलवर रेकॉर्ड करून चार जणांना पाठवलं. पुढच्या वर्षी नाताळफेऱ्यांत लोक गायले, आनंदच झाला. मग एका संमेलनात निवेदकाने सांगितलं, "आता एक पारंपरिक नाताळगीत." आई शेजारीच होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कोणीतरी तेच रेकॉर्डिंग स्वतःच्या नावाने एका कंपनीमार्फत सगळीकडे चढवलं. मी माझं गाणं टाकायला गेलो तर मलाच सूचना आली की याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत!

'सायलेंट नाइट' या जगप्रसिद्ध नाताळगीताचं तेच झालं होतं. 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या सहायक धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरची, साथीला गिटार. टिरोलच्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते लांबवर नेलं, नावं वाटेत गळाली, आणि लोक चाल हायडन, मोझार्ट अशा बड्या संगीतकारांची म्हणू लागले. 1854 साली ग्रुबरला लिहून द्यावं लागलं की हे आमचं. मोर तोवर वारलाही होता. ग्रुबरने स्वतःचा गौरव शोधला का? जे खरं होतं तेवढं त्याने सांगितलं.

गाणं घ्या, गा, वाटा. नाव काढू नका.

जुनीमंडळी

ते लिहिणारा मीच. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा बदलत नाही. माझी आजी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पाठ म्हणायची. कोणाची आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे तिची प्रार्थना कमी झाली नाही. बायबलमधलं योहान 3:30 काढून वाचा, 'त्याची वृद्धी व्हावी, माझा ऱ्हास व्हावा'. लहान व्हायला शिकायचं असतं. आजची पोरं गाण्याआधी अर्धा मिनिट स्वतःचं नाव झळकवतात, ते मला सहन होत नाही.

ओवीवेडा

दादा, नाव गुंफायची रीत आपलीच आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' हे काय आहे? इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये गोव्यात ख्रिस्ताची कथा, ख्रिस्तपुराण, ओवीत आणली, टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतल्यावर कीर्तन-अभंग मंडळीत आणले. त्या वाटेने आपण आलो, तर वाटेवरची ही खूणही आपलीच.

जुनीमंडळी

अभंगातली ती नाममुद्रा ही शरणागतीची खूण असते, हक्काची नाही. तुकोबा कोणावर दावा करायला गेले नाहीत.

ओवीवेडा

त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोवर त्यांचा अभंग आहे! दुसऱ्याचं आपलं म्हणतात आणि सगळा नास करतात, असं चिडून लिहिलंय. वाचा आणि मग बोला.

कलमवाली

कायद्याचं थोडं सांगते, कारण दोन्हीकडे गोंधळ दिसतोय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं तर उल्लंघन होत नाही. म्हणजे रविवारी उपासनेत गायला कोणाची परवानगी लागत नाही. रेकॉर्डिंग करून स्वतःच्या नावाने चढवणं ही वेगळी गोष्ट. लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्या क्षणापासून असतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. टिळक 1919 ला गेले, त्यांची गाणी सगळ्यांची. सूरसाधकभाऊंची नाहीत. पहिलं रेकॉर्डिंग आणि पाठवल्याच्या तारखा जपून ठेवा.

नगरची_पेटी

नाव-बिव राहू द्या. गाणं मेलंय ते ट्रॅकमुळे, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यसाथीमुळे. माझे वडील आमच्या गावच्या मंडळीत 31 वर्षं पेटी वाजवत होते. पट्टी काळी चार म्हणजे काळी चार, पाळकबाईंचा आवाज बसला असेल तर न सांगता खाली उतरायचे. 2019 च्या नाताळला तरुण संघाने ठरवलं की ट्रॅकवर गायचं. मोबाइल स्पीकरला जोडला. दुसऱ्या कडव्यात फोन आला, अख्ख्या मंडळीत रिंगटोन वाजली. वडील भात्यावर हात ठेवून बसून होते, कोणी त्यांना 'वाजवा' म्हटलं नाही. ती पेटी आता जिन्याखाली आहे. भाता उंदरांनी कुरतडलाय.

कीबोर्डवाली

काका, वाचून वाईट वाटलं. पण माझीही बाजू ऐका. मी नऊ वर्षांची असताना आमच्या चर्चमधल्या पेटीला हात लावला तर "ते खेळणं नाही, बाजूला हो" म्हणून हाताला धरून उठवलं. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. मुलींना तर कोणी बसूच दिलं नाही. मग मी ट्रॅकवर शिकले, मोबाइलवर, कानाला हेडफोन लावून, रात्री. ट्रॅकने मला कधी उठवलं नाही. तुम्ही शिकवलं नाही आणि आता आम्हीच गाणं मारलं म्हणता?

नगरची_पेटी

माझ्या वडिलांनी कोणालाच उठवलं नाही.

कीबोर्डवाली

किती जणांना शिकवलं?

ओवीवेडा

ट्रॅकचा खरा त्रास वेगळा आहे. मंडळी ओळ धरते, रेंगाळते, एखादी म्हातारी शेवटचं अक्षर ओढते. पेटीवाला थांबतो, तबलजी ठेका लांबवतो. ट्रॅक थांबत नाही. चौथ्या कडव्यापर्यंत अर्धी मंडळी गप्प झालेली असते.

वसईचा_चर्चगेट

आमच्याकडे उलट. मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) क्वायर, म्हणजे गायकांचा संच, इतका तयारीचा की लोक फक्त ऐकतात. दरवर्षी नाताळला नवीन गाणी, पाठ कोणाचंच नाही. वाद्य कुठलंही असो, लोकांनी गायलं पाहिजे.

नगरची_पेटी

कीबोर्डवाली, तुझ्या प्रश्नाला दोन तास उत्तर दिलं नाही. आईला विचारून आलो. एकालाही शिकवलं नाही. मलाही नाही. मी मागितलं तेव्हा "आधी अभ्यास कर" म्हणाले. मला वाजवता येत नाही, म्हणूनच ती पेटी जिन्याखाली आहे. हे इथे लिहायला जड जातंय, पण तू खरं विचारलंस.

कीबोर्डवाली

काका, भाता बदलून मिळतो. सूर बघून घ्या, गंजले नसतील तर ती पेटी अजून वाजेल. आमच्या इथे एक दुरुस्ती करणारे आहेत, चामडंही तेच लावतात. फोटो पाठवा.

सूरसाधक

धागा कुठे गेला! तरी हे बोलणं व्हायलाच हवं होतं. माझ्या प्रश्नावर परत येतो. जुनीमंडळी, गाण्याआधीचं नाव झळकवणं मलाही आवडत नाही. मी तेवढंच म्हणतोय की 'पारंपरिक' म्हणू नका. ते खोटं आहे, आणि उपासनेत खोटं कशाला बोलायचं?

जुनीमंडळी

'खोटं' हा शब्द जरा जास्त होतोय. निवेदकाला माहीत नसेल.

सूरसाधक

माहीत नव्हतं, कारण नाव आधीच कोणीतरी काढलं होतं. नम्रतेच्या नावाखाली काढलं असणार. तुमच्यासारख्यानेच.

जुनीमंडळी

मी कोणाचं नाव काढलेलं नाही. हे मागे घ्या.

सूरसाधक

घेतो. रागात लिहिलं.

जुनीमंडळी

ठीक. आता माझं सांगतो, हवं तर हसा. गेल्या डिसेंबरमध्ये मी एक नाताळगीत आमच्या फेरीच्या गटात पाठवलं होतं, खाली 'जुनं गाणं' असं लिहून. तुमची पोस्ट वाचल्यावर काढून पुन्हा ऐकलं. त्यात 'गव्हाणीत' ओळीच्या आरंभी पटकन येतं. तुमचंच असावं. नावं झळकवणाऱ्यांबद्दलचं माझं मत तसंच आहे. पण त्या गटात दुरुस्ती टाकतो. तुमच्या नावाखाली आईंचंही टाकू का?

सूरसाधक

टाका. तिला आज रात्री वाचून दाखवतो.