मदत हवी आहे: जुनी सुपर सोकर (पाण्याची बंदूक) रंगपंचमीला मुलाच्या हातात द्यावी का?

नमस्कार मंडळी,
माझा भाऊ अमेरिकेतून आलाय, येताना त्याच्या मुलांची जुनी सुपर सोकर सीपीएस २००० घेऊन आला. १९९६ चं मॉडेल. माझा मुलगा ९ वर्षांचा, तो तर जेवायला पण ती शेजारी ठेवून बसतोय. रंगपंचमी पुढच्या आठवड्यात आहे आणि मला काही ठरवता येत नाहीये.

आधी चांगलं सांगते, कारण ही वस्तू खरंच भारी आहे. आपल्याकडच्या हवा भरायच्या पिचकारीत पाणी कमी होत जातं तशी आतली हवा पसरते, दाब उतरतो आणि शेवटी धार पायाशीच पडते. हिच्यात तसं नाही, आत जाड रबराची पिशवी आहे, पंप मारला की पाणी त्या पिशवीत जातं, ती फुग्यासारखी फुगते आणि सोडल्यावर आवळत जाते, म्हणून शेवटपर्यंत धार जवळपास तेवढ्याच जोराची. सुपर सोकर काढणारे लॉनी जॉन्सन नासात काम केलेले इंजिनियर, १९८२ ला घरच्या बाथरूममध्ये पाण्यावर चालणारा हीट पंप करून बघताना नळाला लावलेल्या तोटीतून जोरात धार उडाली आणि तिथून त्यांना हे सुचलं, हे भावाने सांगितल्यापासून मुलगा सारखं हेच सगळ्यांना सांगत सुटलाय.

आता काळजी. काल पार्किंगमध्ये दहा फुटांवर रिकामी बादली ठेवून मारून बघितलं तर बादली सरकत थेट भिंतीला. नंतर भाचीच्या पाठीवर लागलं, टीशर्ट होता तरी लाल झाली, रडली बिचारी. तीच धार डोळ्यावर बसली तर? जोराच्या धारेने डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो, ही भीती डोक्यातून जातच नाही. शिवाय पाणी भरल्यावर इतकी जड होते की मुलगा ती मांडीवर टेकवून मारतो, म्हणजे नेम कुठे जाईल याचा भरवसा नाही. आणि इतके पंप मारून सगळं पाणी एक-दीड सेकंदात संपतं, मग परत नळाकडे पळा.

कोणी वापरलीये का? लांबून मारायचं एवढा नियम पुरतो का? आणि इतकं जुनं रबर टिकेल का?

चिंचोके: ताई, माझ्याकडे याच प्रकारची होती. रंग अजिबात घालू नका, गाळ वॉल्व्हमध्ये बसतो, साधंच पाणी. खेळ झाला की पिशवी पूर्ण रिकामी करून ठेवा, फुगलेली ठेवली की रबर ताणून जातं. आधी थोडेच पंप मारून गळतंय का बघा.

पाणवठा: लहान मुलांच्यात नकोच हो. ९ वर्षांच्या मुलाला अंतर कळतं पण खेळाच्या भरात राहत नाही लक्षात. समोरचा पळत जवळ आला की संपलं. मोठ्यांनी वापरा, कमरेखाली मारा, सगळ्यांना पूर्ण बंद गॉगल.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. भावाशी बोलले, रंगपंचमीला ती त्याच्याकडेच राहील. मुलाला गच्चीत भिंतीवर खडूने गोल काढून देणारे, तिथे मी असताना हवी तेवढी मारू दे. रुसलाय सध्या. पोहायचा गॉगल चालेल का, की वेगळा घ्यावा लागेल?