‘लहान वर्कशॉपच्या भरवशावर फौज सोडायची का?’ मला उत्तर द्यायचंय

लेथवाला, वाळूज
परवा आपल्याच गटात एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी लिहिलं : “लष्कराचं सामान लहान वर्कशॉपवाल्यांच्या भरवशावर सोडणं म्हणजे जवानाच्या जिवाशी खेळ. जगात सगळ्यात चांगलं असेल ते विकत घ्या, स्वदेशीचा हट्ट पुरे.” खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. आज शॉपला लाईट नाही, म्हणून लिहायलोय.

साहेब, लहान वर्कशॉप म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर पत्र्याचं शेड, तेलकट बनियन आणि रेडिओ येतो ना? बरोबर आहे, माझ्याकडं तिन्ही आहेत. पण त्याच शेडात दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कापाई मशीन, चालतात, आणि दुचाकीच्या कंपनीला जाणारा माझा नग मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून घेतात. वडिलांपासून हेच चालू आहे.

आता ‘जगातलं चांगलं विकत घ्या’चं बघू. १९८६ मध्ये स्वीडनच्या ४१० बोफोर्स तोफा घेतल्या. पुढं दलालीचा बोभाटा झाला, कंपनी काळ्या यादीत गेली, आणि सुट्या भागांसाठी फौज तडफडली. इथं तोफ बनवायचे नकाशे पैसे मोजून आणलेले होते, ते वर्षानुवर्षं कपाटात. शेवटी त्याच नकाशांवरून जबलपूरला धनुष बनली. २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाकडून यायचे भाग अडकले. आपल्या हातातली बंदूक चालायची का नाही, हे दुसऱ्याच्या युद्धावर ठरणार असेल तर ती आपली कशी?

आणि मराठवाड्याचं तर बोलूच नका. महाराष्ट्रात आयुध निर्माणी, म्हणजे लष्कराचं सामान बनवणारे सरकारी कारखाने, दहा. खडकीत दोन, अंबरनाथला दोन, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा. मराठवाड्यात भोपळा. २०१८ ला डिफेन्स कॉरिडॉर, म्हणजे संरक्षण उत्पादनाचे पट्टे, जाहीर झाले तेही उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला. शेंद्रा-बिडकीनला उद्योगांसाठी म्हणून एवढी जमीन घेतली ती कशाला?

माजी सुभेदार, अंबड
ते साहेब मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

अठ्ठावीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस स्टोअरमध्ये. तुम्ही माल बनवता, मी तो वाटलाय. एका हिवाळ्यात आमच्याकडं बुटांची खेप आली. कागदावर सगळं ठीक, शिक्के ठीक, सीलबंद नमुन्याशी जुळवलेलं. वर चौकीवर गेले आणि तिसऱ्या आठवड्यात तळवे सुटायला लागले. पोरं सुतळीनं बांधून गस्त घालायची. एकाची दोन बोटं गेली. त्या पोराच्या आईला सांगू का, की बाई, बूट स्वदेशी होता?

इन्सास रायफलीचं कारगिलला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, थंडीत मॅगझिन तडकायच्या. आणि तुमच्याच धनुषचं पुढचं सांगा की. तिच्यात बसवायला आलेल्या बेअरिंग जर्मन म्हणून दिल्या, निघाल्या चिनी. २०१७ ला सीबीआयनं गुन्हा नोंदवला. तोफेच्या बेअरिंगमध्ये जो फसवतो त्याला तुम्ही ‘आपला’ म्हणणार?

लेथवाला, वाळूज
नाही म्हणणार. पण त्या बेअरिंग वर्कशॉपवाल्यानं बनवल्या नव्हत्या साहेब, पुरवठादारानं आणून विकल्या. हा फरक तुम्हाला कळत नसेल तर एकोणीस वर्षं स्टोअरमध्ये काय केलं?

आणि तो पुरवठादार आत शिरतो कसा ते ऐका. २०१९ ला मी एका सरकारी कारखान्याच्या पिना केल्या. ईएन-२४ म्हणजे कडक पोलादाचं बार, हार्डनिंग, वर प्लेटिंग. चारशे नग. ड्रॉइंग आलं ते झेरॉक्सची झेरॉक्स, एका ठिकाणी टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, वाचताच येईना. विचारायला गेलो तर म्हणे जुना पुरवठादार बरोबर करतो, तुम्हाला कसं कळत नाही. तपासणीला माणूस यायला सात आठवडे. पैसे अकरा महिन्यांनी. कायदा २००६ चा आहे, ४५ दिवसांत द्यायचे. लहान उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची असाही नियम आहे. नियमांनी माझ्या कामगारांचा पगार होत नाही. वर एल-वन! सगळ्यात कमी भाव त्याला काम. एक रुपया कमी भरणारा कच्च्या मालात मारतो, आणि तुमचे तळवे सुटतात. तळव्याला शिव्या घालू नका, टेंडरला घाला.

नांदेडचा वाचक
दोघंही ओरडायलेत. मुद्दा एवढाच आहे की २०२१ च्या ऑक्टोबरात ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या, तरी बाहेरच्याला आत जायचं दार तेवढंच अरुंद आहे.

किल्लेवेडा, परांडा
मलिक-ए-मैदान तोफ १५४९ ला नगरला ओतली. मग आमच्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ ला विजापूरकर ओढून घेऊन गेले. म्हणजे तेव्हाही माल दुसरीकडं बनला, आपल्याकडं फक्त ठेवायला आला आणि शेवटी तिसऱ्यानंच नेला. मराठवाड्याचं औद्योगिक धोरण तिथूनच चालू आहे.

दालमिल, लातूर
तोफा, पिना, बेअरिंग. अरे, फौज काय पिना खाती का?

तुम्हाला सगळ्यांना पुरवठा म्हटलं की रणगाडाच दिसतो. लाखो माणसं रोज दोन वेळ जेवतात. डाळ लागती, पीठ, तेल, साखर, चहा लागतो. लडाखचे रस्ते बंद व्हायच्या आधी अख्ख्या हिवाळ्याचा साठा वर चढवावा लागतो, त्याला ते ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. तुरीच्या डाळीत लातूरचं नाव देशभर. आमची बोरसुरीची डाळ तर भौगोलिक मानांकन मिळालेली. पण मराठवाड्याला काय द्यायचं म्हटलं की ह्यांचा एकच हट्ट, ‘कारखाना द्या’. घ्या ना आमची डाळ! आणि २०२३ ला फौजेनं पन्नास वर्षांनी रेशनमध्ये भरडधान्य परत आणलं. बाजरी, ज्वारी, नाचणी. धान्याच्या वाट्याच्या २५ टक्क्यांपर्यंत पीठ घ्यायची मुभा आहे. ज्वारी कुणाची? आपली. मग टेंडर भरणारे कुठले असतील ते तुम्हीच सांगा.

माजी सुभेदार, अंबड
डाळवाले दादा, बोललात ते खरं आहे. पण ज्वारीचं नाव काढलं म्हणून सांगतो, ती मुभा कागदावर छान दिसते. लंगरवाल्याला विचारा. सव्वाशे माणसांची पोळी लाटून होते, सव्वाशे माणसांची भाकरी थापायची कुणी? अर्ध्या आचाऱ्यांनी आयुष्यात भाकरी पाहिलेली नाही. पीठ जुनं झालं की कडू लागतं आणि थापताना चिरा पडतात. गव्हाचं पीठ पोत्यात टिकतं, ज्वारीचं नाही टिकत. आणि वर उंचावर पाणी ८५ अंशांतच उकळतं, उकड काढायची कशी?

परभणीकरीण
सुभेदारसाहेब, पीठ टिकत नाही म्हणून दाणे पाठवा आणि तिथं दळा, एवढं साधं फौजेला सुचू नये? घरघंटी बाजारात मिळते. आणि भाकरी थापता येत नाही म्हणजे काय! आमच्या वसतिगृहातली पोरं महिन्याभरात शिकली, मग जवान का नाही शिकणार?

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. कडक भाकरी विसरलात का? वाळवलेली, पापडासारखी. पाणी लागू दिलं नाही तर महिना-दीड महिना काही होत नाही. आमचा बारा बायांचा बचत गट आहे, जत्रेत पाचशे-पाचशे जातात. मी विचारलं होतं, फौजेला देता येईल का. एका कार्यालयातून उत्तर आलं की मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा. तीन वर्षांची! उलाढाल असती तर बचत गट कशाला काढला असता? लेथवाले दादा, तुमचं दुखणं तेच आमचं, तुमच्याकडं निदान व्हीएमसी आहे.

बीडचा शेतकरी
ज्वारी ज्वारी करायलेत सगळे. लावायलंय कोण? आमच्या गावात माझ्या लहानपणी निम्मं शिवार ज्वारी. आता सगळं सोयाबीन. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडती, पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढायला बाया मिळत नाहीत. बैल गेले, कडबा कुणाला घालायचा? रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला तशी घरातली भाकरीबी गेली. ७२ च्या दुष्काळात आमच्या म्हाताऱ्यानं अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, तिला नावं ठेवत ठेवत. आज नातू शहरात ज्वारीचं पाकीट आणतो, गव्हाच्या दुप्पट भावानं. फौजेला लागती म्हणून मी ज्वारी पेरावी, तर आधी भाव लिहून द्या. सैनिकासाठी कर म्हणून पाठीवर थाप मारली की माझं कर्ज फिटत नाही.

दालमिल, लातूर
बापू, शब्द न् शब्द खरा. पण रब्बीची मालदांडी अजून आहे की नाही? जालन्याची दगडी ज्वारी मानांकनात गेली ती काय हवेत?

बीडचा शेतकरी
मानांकन मिळालं, पोतं तिथंच राहिलं.

नांदेडचा वाचक
विषयावर या हो. धागा संरक्षण उत्पादनाचा, तुम्ही भाकरी थापत बसलात.

परभणीकरीण
थापू द्या. तुमचा विषय दहा वर्षं झाली आहे तिथंच आहे.

लेथवाला, वाळूज
ताईंचं उलाढालीचं ऐकून रक्त खवळलं. साहेब, आता सांगा. तुम्ही म्हणता लहानांवर भरवसा नको. लहानांना आत येऊच दिलं नाही तर भरवसा ठरणार कसा? कारगिलला तोफखान्यानं अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब, रॉकेट वापरली. साठा पुढं किती दिवस पुरेल याचा हिशोब कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेनं, २०१७ ला मांडला, तेव्हा कित्येक प्रकारचा दारूगोळा दहा दिवसांपुरताही नव्हता. दहा! तिकडं युरोपनं युक्रेनला वर्षात दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं, २०२४ चा मार्च आला तरी निम्मेच झाले. पैसा होता, बनवणारे हात नव्हते. गोळा लागेल त्या दिवशी बाजारात मिळत नसतो. शांततेच्या काळात कुणीतरी लेथ चालू ठेवावी लागते, आणि ती माझ्यासारख्याकडं असते, तुमच्या ‘जगातल्या चांगल्या’ दुकानात नाही.

माजी सुभेदार, अंबड
तुम्ही दुकान म्हणालात ते टोचलं, पण सोडून देतो. माझ्या भाच्याची पोस्टिंग लडाखला आहे. २०२० च्या हिवाळ्यात तिथं एकदम फौज वाढली, तेव्हा थंडीचे कपडे अमेरिकेकडून तातडीनं आणावे लागले. त्या वेळी ‘स्वदेशी होईपर्यंत थांबा’ म्हणायला कुणाची जीभ वळली असती का?

लेथवाला, वाळूज
नाही वळली असती. पण सियाचीनवर आपण १९८४ पासून बसलोय. तिथल्या बूट, गॉगल, कपड्यांच्या तुटवड्यावर कॅगचा अहवाल २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत आला, म्हणजे लडाखच्या गडबडीच्या आधी. छत्तीस वर्षांत एक कोट इथं शिवायला शिकलो नाही हा दोष माझा का तुमच्या खरेदी खात्याचा?

माजी सुभेदार, अंबड
खात्याचा. हे मी सव्वीस जानेवारीला बोलणार नाही, पण खात्याचा. नमुना पास व्हायला दोन वर्षं, चाचणी हिवाळ्यात हवी, टेंडर उन्हाळ्यात निघतं, फाईल टेबलावर असतानाच साहेबाची बदली. हे सगळं मी पाहिलंय. तरीही एक सांगतो लेथवाले. तुमचा एक नग चुकला तर तुम्ही दुसरा पाठवता, बिलातून कापून घेता. तिथं दुसरा नग पोचेपर्यंत सहा महिने रस्ता बंद असतो. तेवढं डोक्यात ठेवून बनवणारा वाळूजमध्ये कुणी असेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही. नसेल तर मी परवा लिहिलं ते तसंच.

लेथवाला, वाळूज
म्हणजे एवढ्या शब्दांनंतर मी ‘कुणी असेल तर’ मध्ये बसलो. आभारी आहे.

माजी सुभेदार, अंबड
बसलात हे काय कमी झालं?

परभणीकरीण
साहेब, तुमच्या भाच्याला टेंडर न भरता कडक भाकरी आणि कारळाची चटणी पाठवली तर पोचेल का? पत्ता काय लिहायचा?

माजी सुभेदार, अंबड
नंबर, रँक, नाव, युनिट, आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. गावाचं नाव लिहायचं नाही. पोचतं, वेळ लागतो. चटणी कोरडीच ठेवा ताई, तेल गळलं तर शेजारच्या पार्सलमधली पत्रं भिजतात. पत्ता तुम्हाला वेगळा पाठवतो.

लेथवाला, वाळूज
त्याच पत्त्यावर चारशे पिना पाठवू का? अकरा महिने वाट बघायची सवय झालीय.