गाडीच्या एसीत घरीच गॅस भरता येईल का?

मालाडकर: पेट्रोल हॅचबॅक आहे. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए (एसीतला गॅस), ४२० ग्रॅम लिहिलंय. एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की कोमट हवा येते, हायवेला लागली की गार. गॅसचा कॅन, नळी आणि दाब मोजायचा एक गेज असा सेट बाजारात मिळतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गॅस भरावा म्हणतोय. किती भरू?

कॉम्प्रेसर_काका: थांबा, कॅन नंतर. पळताना गार आणि उभी असताना कोमट म्हटलं की आधी कंडेन्सरचा (रेडिएटरपुढची जाळी, तिथे गॅस गार होतो) फॅन बघायचा. एसी लावून बॉनेट उघडा. फॅन फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर. फिरत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत माती बसली का बघा, पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन्स (जाळीच्या पातळ पात्या) आडव्या होतात. असल्या गाडीत जास्तीचा गॅस कोंबला तर हाय साइडचा (कॉम्प्रेसरच्या पुढची, जास्त दाबाची बाजू) दाब आणखी चढतो.

गेजबहाद्दर: फॅन ठीक निघाला आणि गॅस खरंच कमी असला तर भरता येतो, फक्त लो साइडने (कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी दाबाची बाजू). ते जाड नळीवरचं तोंड, टोपीवर बहुधा ‘एल’ असतं. हाय साइडला कॅन लावायचा नाही म्हणजे नाही, उलटा दाब येऊन कॅन फुटू शकतो. इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी. कॅनच्या बाजूचा जोड किंचित सैल करून नळीतली हवा आधी काढा. कॅन उभाच धरा. उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि व्हॉल्व्ह तुटतात. कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून ५० ग्रॅम, थांबा, पुन्हा बघा. गॉगल आणि हातमोजे हवेतच: हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, कातडी जळते.

नवीन गाडीत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असेल तर हा सेट विसरा.

मालाडकर: फॅन फिरतोय. इंजिन बंद असताना गेज ९५ पीएसआय दाखवतो. म्हणजे गॅस पुरेसा आहे ना?

कॉम्प्रेसर_काका: अजिबात नाही. ३० अंशांना आर-१३४एचा दाब तेवढाच असतो, आत १०० ग्रॅम द्रव असो की ४००. दोन गेजचा सेट लावून एसी चालू असताना वाचा. मुंबईच्या उकाड्यात लो साइड साधारण ३० ते ४५, हाय साइड २०० ते २५०. दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त, आत हवा, नाहीतर कंडेन्सर तुंबलाय किंवा फॅन कमजोर. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर थकलाय, गॅसचा संबंध नाही.

गेजबहाद्दर: आणि गॅस कमी निघाला तर तो कुठून तरी गेलाय. जोडांवर, सर्व्हिस व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. तेलकट डाग दिसला तर तिथेच. गळती बुजवणारं औषध मिसळलेला कॅन घेऊ नका, गॅरेजचं गॅस काढायचं मशीन त्याने चोंदतं. सिस्टम पूर्ण रिकामी झाली असेल तर पार्किंगमधलं काम नाही: गळती दुरुस्त करून अर्धा तास व्हॅक्युम (पंपाने आतली हवा ओढून काढणं), मग वजनाने ४२० ग्रॅम.