लाल अंबाडी : पानांपलीकडचे उपयोग

अंबाडीची ज्वारीच्या कण्या, तूरडाळ आणि लसणाची फोडणी घालून केलेली भाजी आपल्याकडे होतेच. परंतु लाल अंबाडीचे खरे वैभव फळाभोवतीच्या मांसल, लालभडक निदलपुंजात (म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या बाहेरच्या दलांच्या वेढ्यात) आहे, आणि आपल्याकडे त्याचा वापर फारच थोडा होतो, याचे वाईट वाटते. मधली बोंडे काढून ही दले वाळवली की वर्षभर सरबताला पुरतात. सुदान व इजिप्तमध्ये याच पेयाला 'करकदे' म्हणतात. दलांत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) आणि आम्लता दोन्ही भरपूर असल्याने नुसत्या साखरेवर उत्तम जॅम जमतो. मात्र भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको.

औषधी गुणांबद्दल बोलताना मोजूनमापून बोलावे. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तदाब किंचित वाढलेल्या प्रौढांनी सहा आठवडे रोज तीन कप या दलांचा काढा घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 7 अंकांनी उतरला. म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, गरोदरपणात टाळावा. पानांत ऑक्झॅलेट असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी भाजीही बेतानेच खावी.