वर्षावास म्हणजे नक्की काय?

प्रश्न: जय भीम, आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासानिमित्त रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आई जातेच, पण यामागचं कारण काय? मुलीने विचारलं आणि मला नीट सांगताच आलं नाही.

उत्तर १: जय भीम ताई. पावसात फिरलं की कोवळी रोपं, जीवजंतू पायाखाली येतात म्हणून बुद्धांनी भिक्खूंना 3 महिने एकाच ठिकाणी राहायला सांगितलं, तोच वर्षावास. आणि सारनाथला पाच भिक्खूंना पहिला उपदेश दिला तोही आषाढ पौर्णिमेलाच.

उत्तर २: आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा पवारणा, त्या दिवशी भिक्खू एकमेकांना म्हणतात माझं काही चुकलं असेल तर सांगा, मला हे फार आवडतं!! मग महिनाभरात कठिन चीवरदान, म्हणजे भिक्खूंना चीवर (वस्त्र) दान देतात.

प्रश्नकर्ती: खूप आभार, मुलीला आजच सांगते.